रेजिनाचा मफलर

हार्लन्स फोर्ड, पेनसिल्व्हेनिया
६ डिसेंबर १९४८

ती. लेओनदादास हेडविगचा सा. न. वि. वि.

आईची प्रकृती ठीक. तुझे पत्र आले नाही की बोलणी मात्र पोस्टमनला खावी लागतात.

गुन्हेगारीची कॉमिक्स वाचून मुले बिघडतात, असे फादर प्रवचनात म्हणाले आणि येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात त्या अंकांची होळी ठरली. घरोघर फिरून ती गोळा करण्यात आई सर्वांच्या पुढे. आपल्या स्वयंपाकघरात ढीग लागला आहे.

काल गठ्ठे बांधताना एका पानावर माझा हात थांबला. चित्रात जिन्यावर गळा आवळून टाकलेली बाई आपली रेजिनाताई आहे. हनुवटीवरचा तीळ, वाकडा भांग, गळ्यात आईने विणलेला पट्टेरी मफलर. तू जाहिरातींची चित्रे काढतोस म्हणतोस. पण तुझी रेघ मी ओळखते. ताई पिट्सबर्गला न्यूमोनियाने गेली, असे तूच सांगितलेस. मग हे काय? आईने पाहिले तर काय सांगू?

लोभ आहेच, या वेळी उत्तरही असावे.

तुझी हेडविग


न्यूयॉर्क
८ डिसेंबर १९४८

चि. हेडविगला अनेक आशीर्वाद.

जाहिरातींचे खोटेच सांगितले. आमच्याकडे एका पानावर चौघांचे हात फिरतात, नाव कोणाचेच नसते. मयत बायकांचे चेहरे माझ्या वाट्याला येतात. परक्या बाईचा चेहरा काढायला बसतो आणि शाई वाळेपर्यंत तिची रेजिना झालेली असते. तिला हसताना काढून पाहिले; जमत नाही. शवागारात चादर उचलल्यावर दिसला, तेवढाच चेहरा हाताला उरला आहे.

न्यूमोनिया नव्हता. गळा आवळला तो त्या मफलरनेच, म्हणून शवपेटी बंद आणली. मारणारा सापडला नाही. आमच्या मालकांचा मात्र नियम आहे की शेवटच्या पानावर खुनी पकडला गेलाच पाहिजे. त्या एका पानासाठी मी ही नोकरी सोडत नाही.

आईच्या नजरेस पडण्याआधी ती पाने जाळ. तिला आजारपणाचाच समज राहू दे.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा लेओन


हार्लन्स फोर्ड
१३ डिसेंबर १९४८

ती. लेओनदादास सा. न. वि. वि.

तुझे पत्र शनिवारी पोहोचले. पाने काढायला गेले, तर ढिगात ती नव्हतीच. काल आईने स्वतःच्या हाताने गठ्ठे आगीत टाकले. जळक्या शाईचा वास अजून माझ्या कोटाला आहे.

घरी आल्यावर तिने टेबलाच्या चादरींची पेटी उघडली. आत प्रत्येक अंकातली रेजिनाताई, कापून, इस्त्री फिरवून ठेवलेली. सोबत त्या-त्या गोष्टीचे शेवटचे पान. वर्षभर ती हे जमवत होती. होळीच्या निमित्ताने तिला प्रत्येक घरात शिरता आले. म्हणाली, लोकांच्या पलंगाखाली माझी पोर पडून राहायला नको.

ती रडली नाही. तुला कळवायला सांगितले आहे, की त्या गाढवाला म्हणावे मफलरचे पट्टे आडवे होते, उभे नव्हेत. मग तिने ती शेवटची पाने टेबलावर ओळीने मांडली आणि मला विचारले, पोरीचा चेहरा दर वेळी तोच, आणि बेड्या पडलेल्या माणसाचा दर वेळी निराळा. म्हणजे तो अजून मोकळाच आहे ना?

नाताळला ये आणि तिच्यासमोर बसून याचे उत्तर तूच दे. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठीचे रिकामे ताट आपल्या नाताळच्या रीतीप्रमाणे मांडणार आहे. दाराला मात्र यंदा आतून कडी असेल, असे आई म्हणते. आलास की हाक मार, आवाज ओळखल्यावरच उघडू.

आहे तो जिव्हाळा राहू द्यावा.

तुझी हेडविग