पिस्तूल आणि गुरुवार

३ मार्च १९९७, सोमवार

टपालाने आलं : पिस्तुलाची नेम धरायची पुढची माशी, लाल चमकणाऱ्या टोकाची — अठरा डॉलर. हलकी स्प्रिंग — सात. पाठवणावळ — चार. बरोबर एक टोपी फुकट. ती चर्चच्या दानाच्या खोक्यात जाईल.

व्हर्लिन म्हणतो, नव्या पिस्तुलापेक्षा हे स्वस्त. नवं घे म्हणालं कोण? हेच छोट्या गोळीचं पिस्तूल वर्षानुवर्षं शनिवारच्या नेमबाजीत पोलादी चकत्या वाजवतंय. पाच चकत्या, शेवटची वाजली की घड्याळ थांबतं, आणि मग मोठमोठे बाप्ये अर्ध्या सेकंदावरून आठवडाभर वाद घालतात. मला त्यात वावगं वाटत नाही. नवऱ्याला दारू नाही, पत्ते नाहीत. पण पूर्वी एखादा सुटा भाग आला की तो मला हातात देऊन समजावत बसायचा. आज पुडकं काखेत मारून सरळ गॅरेजमध्ये गेला.

६ मार्च, गुरुवार

दुपारी 'सरावाला' गेला, दिवेलागणीला आला. घेवडा आणि मक्याचा पाव दोनदा गरम केला. कसा झाला सराव? — "झाला." बस्स.

९ मार्च, रविवार

दानाचा चेक लग्न झाल्यापासून तोच लिहितो. आज चर्चमध्ये चेकबुक माझ्या मांडीवर ठेवलं — तूच लिही ओपल, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशातून डोकावत होता! देवाच्या दारात खोटं, आणि तेही इतकं फालतू. का?

जेवायला बसलो तर खुर्ची बदललेली. आम्ही प्रार्थनेला हात धरतो तेव्हा तो कायम माझ्या डावीकडे. आता उजवीकडे जाऊन बसला. म्हणे, खिडकीतून ऊन डोळ्यांवर येतं. बाहेर ढग होते.

मी बटाटे वाढले.

१२ मार्च, बुधवार

गोधडीच्या बैठकीत सहज बोलून गेले, की व्हर्लिन हल्ली गुरुवारीसुद्धा सरावाला जातो. जेनीव्हा सुई थांबवून बघायला लागली. तिचा भाऊ त्या नेमबाजीच्या मैदानावरचं गवत कापतो. गुरुवारी फाटकाला कुलूप असतं म्हणाली. वर हळूच — "ट्वायलाकडे किल्ली असते म्हणा. नवरा गेला बिचारीचा, पण नेम अजून शाबूत आहे."

बायका हसल्या. मीही हसले. टाका चुकला, उसवून पुन्हा घातला.

१४ मार्च, शुक्रवार

तो खिळे आणायला गेला तेवढ्यात गॅरेज झाडायला घेतलं. बाकावर पिस्तूल, रिकामं. बाबांनी शिकवलं होतं तसं आधी तपासलं, मग भिंतीकडे धरलं. चाप इतका हलका केलाय की बोट टेकायचा अवकाश. आधी कसा घट्ट होता!

सेफ्टीचा खटका माझ्या अंगठ्याला सापडेना. खटका पलीकडच्या बाजूला गेलाय! जुन्या बिजागरीची पट्टी घासून त्याने तो घरीच बनवलाय — पैसे वाचवले, तेवढं खरं. मॅगझिन सोडायचं बटणही उलट बाजूला. पिस्तूल डाव्या हातात घेतलं तर सगळं अंगठ्याखाली आपोआप आलं.

या घरात डावखुरं कोणी नाही.

ट्वायला डावखुरी आहे. चर्चच्या सहलीत लोणच्याची बरणी डाव्या हाताने उघडताना मी पाहिलंय तिला.

म्हणजे मी साबणाचे तुकडे जोडून वापरायचे, आणि हा तिच्या बोटांच्या मापाने चाप घासणार.

१५ मार्च, शनिवार

पीच भरलेली गोड पेस्ट्री भाजली आणि ती द्यायच्या निमित्ताने मैदानावर गेले. व्हर्लिन नेम धरत नव्हता. प्रत्येकाची पाळी झाली की पुढे जाऊन गोळ्यांच्या खुणा झाकायला चकत्यांना पांढरा रंग मारत होता, रंगाचा डबा घेऊन. हे काम नवख्यांचं. मला बघून चपापला.

ट्वायलाच आली माझ्याकडे. पेस्ट्रीचा वास घेतला, तोंडभर कौतुक केलं. मी सरळ विचारलं : गुरुवारी तुम्ही दोघं इथे असता का?

तिचा चेहरा उतरला. "गुरुवारचं मला माहीत नाही गं. बाकीचं त्यालाच विचार. मी वचन दिलंय."

वचन! माझ्या नवऱ्याने हिच्याकडून वचन घेतलंय, आणि ते माझ्यापासून जपायचं आहे. पेस्ट्रीची बशी परत न घेताच आले. चांगली बशी होती.

१६ मार्च, रविवार

पाद्री क्षमेवर बोलले. नीट ऐकलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

प्रभू, माझा संशय खोटा ठरव. आणि खरा असेल तर मला कळू दे, पण जेनीव्हाच्या आधी.

२० मार्च, गुरुवार

पुन्हा दुपारभर गायब. आला तो दमून. हनुवटीवर दाढी करताना लागलेला काप — या महिन्यात कितवा कोण जाणे.

मी आधीच त्याच्या उजवीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. तो उभाच राहिला. "ती माझी बाजू नाही," म्हणाला. मी म्हटलं, आज ऊन नाही, बस. आणि प्रार्थनेसाठी त्याचा उजवा हात मागितला. जो हात तो मला देत नाही तो कोणाला देतो, हेच बघायचं होतं मला.

त्याने डाव्या हाताने उजवा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

गार होता. मी दाबला. बोटं मिटली नाहीत.

प्रार्थना त्याने शेवटपर्यंत म्हटली. मग सांगितलं. गुरुवारी शहरात मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे जातो. आहे ते टिकवता येईल, गेलं ते परत येणार नाही म्हणतात. नाताळापासून अंगावर काढलं होतं. ट्वायला त्याला शनिवारी सगळे गेल्यावर डाव्या हाताने नेम धरायला शिकवते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, आता विकून टाक ते पिस्तूल. तुझं चुकलंही नसतं. म्हटलं आधी डाव्याने पाच वाजवून दाखवतो, मग सांगतो."

किती वाजतात, विचारलं.

"चार. शेवटची हुकते. घड्याळ आपलं चालूच राहतं." आणि हसायला गेला.

बटाटे गार झाले. त्याच्या ताटातलं मांस मी कापून दिलं. त्याने कापू दिलं.

२१ मार्च, शुक्रवार

आज टपालात टाकलं, त्याची नक्कल :

महोदय, तुमच्या यादीतली पिस्तुलाची अक्रोडाच्या लाकडाची मूठ, अंगठा टेकायला जागा असलेली, उजव्या हातासाठी दाखवली आहे. तीच डाव्या हातासाठी बनवता का? स्वस्तातली नको. माझ्या नवऱ्याच्या डाव्या पंजाची बाह्यरेषा सोबतच्या कागदावर काढली आहे. काढताना हात मीच धरला होता, तरी माप बरोबर आहे. उलट टपाली कळवावे.