रजेच्या नियमातली भाच्याची ओळ

ताई, तुला मनापासून नमस्कार.

मी मजेत आहे, दोन्ही वेळा नीट जेवतो, असं आईला सांग. तुला खरं सांगतो, डोकं फिरलंय!

कंपनीच्या रजेचा कारभार वेबवर आणायचं काम माझ्याकडे होतं. यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण फक्त नियम लिहायचा. स्क्रीन, बटणं आपोआप उभी राहतात. साहेबांच्या सांगण्यावरून मीच लिहिलं, 'नोकरीत वर्ष न भरलेल्यांना रजा नाही.' वर ते म्हणाले, "यातून आमच्या भाच्याला वगळ." तेही मुकाट्यानं लिहिलं.

काल तुझं पत्र आलं. रविवारी तुझ्या मैत्रिणीचं लग्न ठरणार म्हणे! लगेच येण्याजाण्यासाठी शनिवार-सोमवारची रजा मागितली, तर माझंही वर्ष भरलेलं नाही म्हणून माझ्याच स्क्रीननं मला नाही म्हटलं. साहेब म्हणतात, "नियम तुझाच आहे की, बाळा!"

एका ओळीत मलाही वगळता आलं असतं. नाही वगळलं. भाच्याची ओळ मात्र खोडून टाकली. आता तोही अडकलाय आणि साहेब माझ्या नावानं बोटं मोडतायत. मोडू देत!

मी कॉलेज सोडल्याचा बाबांचा राग निवला का गं?

मला रविवारी येता येणार नाही. तू त्याआधीच त्या मैत्रिणीकडे जा आणि सांग, माझं तिच्यावर प्रेम आहे. हे मी तिला अजून सांगितलेलंच नाही.

तुझा तापट धाकटा