ब्रूनोचा लाल स्वेटर

मंगळवार, १२ मे. पाथर्डी

धाकट्या भावाचा पुण्याहून फोन. तो, त्याची बायको अन् त्यांचा कुत्रा ब्रूनो स्वित्झर्लंडला चाललेत. तिकडं उन्हाळ्यातही थंडी, म्हणून कुत्र्याला लाल स्वेटर घेतलाय. फोटो धाडला.

मग म्हणतो, "आक्का, तेवढे दिवस फ्लॅटवर येऊन राहा. राखायला कुणीतरी पाहिजे."

ऊसतोडीला जाताना आमीबी कुत्रं नेतो, पण ते आमची कोपी, पाल्याची झोपडी, राखायला. इथं कुत्रं फिरायला अन् राखणीला मी! जळतेय का मी, मुक्या जनावरावर? व्हय, जळतेय. त्या स्वेटरवर तर लईच.

तरी 'येते' म्हणाले.

"तुला तिकडून काय आणू?" त्यानं विचारलं.

तोंडातून निघूनच गेलं, "स्वेटर. लाल."

तो हसतच सुटला.