नाव नसलेलं चित्र

चित्रकलेच्या मास्तरांस,

म्हसवडच्या भामाचा नमस्कार.

चाळीस वर्सांमागं तुमी माजं चित्र काडलं. माजा बा चिडला, म्हणून फाडून टाकलं असं तुमी मला सांगितलं. ते खोटं व्हतं. काल नात प्रांजल आमा दोघा नवरा-बायकूला सांगलीला कलासंग्रहालयात घिऊन गेली. तुमी दान केलेल्या चित्रांचं फुकट प्रदर्शन हाय तिथं. बघते तर भिंतीवर मी! कडंवर कोकरू, तोंडभर हसू. खाली लिवलेलं, 'अनोळखी मेंढपाळ मुलगी'.

मी तिथल्या बाईस्नी म्हणलं, "ही मी हाय. माजं नाव लिवा."

"चित्रकारांनी नाव दिलेलं नाही, आजी."

"त्यास्नी म्हाईत हाय. भ्याले आसतील. मी न्हाई भीत."

बाईंनी माज्या हनुवटीवरचं गोंदण चित्राशी ताडून बघितलं आन नवी चिठ्ठी लावली: 'भामाबाई, म्हसवड'.

माजे मालक नानासो मातर चित्राकडंच बघत उबे. म्हणले, "माज्याम्होरं अशी कवा हसलीस गं?"

प्रांजल खाली बघाय लागली. मी म्हणलं, "तुमी कवा घटकाभर माज्याकडं बघत बसला?"

ते चित्राम्होरच्या बाकावर जाऊन बसले. पर चित्राकडं पाठ करून, माज्याकडं तोंड करून.

तुमास्नी लय काय विचारायचं व्हतं. लिवता लिवता ध्यानात आलं, आता काय विचारायचं ऱ्हायलं न्हाई. म्हणून हे पत्र टाकत न्हाई.

भामाबाई नानासो वीरकर