रांग नाही, म्हणजे गरज नाही

४ ऑगस्ट, सकाळी ८
पूर ओसरून सहा दिवस झाले. शाळेत उघडलेल्या छावणीतल्या पाण्याची आणि संडासांची पाहणी संस्थेने माझ्याकडे सोपवली. योग्य जागी योग्य माणूस. स्वच्छतेवर आजवर एकशे बारा व्याख्यानं दिली आहेत. छावणी बघण्याचा योग तेवढा आला नव्हता. साहेब फोनवर म्हणाले, बारा तयार संडास ट्रकवर चढवून ठेवलेत, नदीपलीकडची छावणीही मागतेय, तुमचा अहवाल आठ तारखेला आला की ट्रक कुठे वळवायचा ते ठरवू.
संकल्प: ऐकीव गोष्टींवर विसंबायचं नाही. डोळ्यांनी बघेन तेच लिहीन.

दुपारी ३
शी! फाटकापासूनच वास. चिखलाचा, फिनेलचा, ओल्या गाद्यांचा, आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारा तो एक. रुमाल नाकावरून हलू दिला नाही. माणसं: ४१२. संडास: ६. (दारं मोजली. आत डोकावा असं पाहणीच्या फॉर्ममध्ये कुठेही म्हटलेलं नाही.)
वीस माणसांमागे एक संडास हवा, असं पुस्तक म्हणतं. म्हणजे इथे एकवीस. पण मी अकरा ते दोन समोर खुर्ची टाकून बसलो. रांग: शून्य. पुस्तकं मीही पोतंभर वाचलीत. पण डोळे ते डोळे.
माझी सोय शिक्षकांच्या संडासात. शिपायाने किल्ली दिली. कडी आहे, नळ आहे, चक्क साबण आहे. पाहणी करणाऱ्याचं पोट ठिकाणावर हवं.

५ ऑगस्ट, सकाळी ११
आत्या याच छावणीत आहे, सात नंबरच्या वर्गात. घर छतापर्यंत बुडालं तिचं. लहानपणापासून मला भाषण्या म्हणते. आज चाळीस बायकांदेखत म्हणाली. निःपक्षपातीपणाला बाध नको म्हणून हे नातं अहवालात येणार नाही.
तिने विचारलं, काय रे भाषण्या, त्या संडासांना कड्या कधी लागणार? एका हाताने दार धरायचं, दुसऱ्या हाताने टमरेल, मग नाक काय तुझ्या बापाने येऊन धरायचं? स्वतःच्या सख्ख्या भावाविषयी असं बोलणं शोभतं का? वर म्हणाली, समोरच्या व्हरांड्यात पुरुष दिवसभर पत्ते कुटत बसतात, त्या मेल्यांच्या पुढून टमरेल नाचवत कोण जाईल?
ही तक्रार झाली, निरीक्षण नव्हे. फॉर्म विचारतो, दार आहे का? आहे. कडीचा प्रश्न चौदाव्या पानावर आहे. तिथवर अजून पोचलो नाही.
रांग: शून्य.

सायंकाळी ६
टाकीत बोट बुडवून पाहिलं. बुळबुळीत. बोट तीनदा धुतलं, तरी जेवताना डावा हात वापरावासा वाटला. मी बाटलीचंच पाणी पितो. पाण्यावर बोलायचं तर घसा शाबूत हवा.
टँकरवाला म्हणाला, साहेब, पाणी उरतंय हो, बायका तर चिमणीएवढं पितात. माणशी दिवसाला पंधरा लिटर लागतं म्हणे. इथे सहाही संपत नाही! संकटात माणूस किती संयमी होतो! यावर व्याख्यान होईल. एकशे तेरावं.

६ ऑगस्ट, सायंकाळी ७
अंधारून येताना शाळेच्या मागच्या भिंतीकडे गेलो. चार बायका एक चादर ताणून उभ्या होत्या. एवढ्या चिखलात, एवढ्या घाणीत, दिवस मावळल्यावरही चादर वाळवण्याची ही जिद्द! भरून आलं. जवळ गेलो, हात उंचावला, भगिनींनो म्हणून सुरुवात केली.
चादरीवरून एक चप्पल आली. कानाला लागली. पाठोपाठ चादरीपलीकडून, अगदी जमिनीलगत कुठूनतरी, आत्याचा आवाज आला की भाषण्या, पाठ फिरव आणि चालायला लाग, नाहीतर उठून येते. ती मात्र उठली नाही.
दमलेल्या माणसांची चिडचिड समजू शकतो. नोंद: महिलांमध्ये कपड्यांच्या स्वच्छतेची जाणीव उत्तम. वाळत घालायला दोरी पुरवावी.

७ ऑगस्ट, दुपारी १
छावणीतली नर्स भेटली. वय सव्वीस, जीभ साठीची. म्हणाली, चार दिवस झाले, बायका लघवीला जळजळ आणि चक्कर घेऊन येताहेत. तुमच्या फॉर्मच्या नवव्या पानावर लिहिलंय, बायकांशी वेगळं बसून बोला. बसलात का? मी सांगितलं, एकशे बारा व्याख्यानांत बायकांशी बोलतच आलोय. ती म्हणाली, बोललात हो, विचारलंत कधी?
उर्मट! पण माझं मन मोठं आहे. लगेच सगळ्या बायकांना व्हरांड्यात जमवलं. पत्तेवाल्यांना शांत राहायला सांगितलं. ते बिचारे पत्ते ठेवून ऐकायला बसले. चाळीस मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, संडासाबाबत जिची काही अडचण असेल तिने निःसंकोचपणे हात वर करावा.
एकही हात नाही. आत्यासुद्धा छताकडे बघत होती.
तक्रारी: शून्य.

८ ऑगस्ट, सकाळी १०
अहवाल पाठवला. शेवटचं वाक्य साधलंय: रांग नाही, म्हणजे गरज नाही. कडीचा रकाना घाईत राहिला. साहेबांचा लगेच फोन. म्हणाले, वा! असं स्वच्छ लिहिणारी माणसं राहिली नाहीत.

९ ऑगस्ट, सकाळी ९
ट्रक पूल ओलांडून पलीकडच्या छावणीत गेला. न्याय झाला.

दुपारी ४
आत्या वर्गाच्या दारात कोसळली. सलाइन लावलंय. ओठांना भेगा, डोळे खोल, हात हातात घेतला तर कागदासारखा. नर्सने विचारलं, मावशी, दोन दिवसांत पाणी किती प्यालात? दोन फुलपात्री, आत्या म्हणाली. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे, बाई? सगळ्याजणींनी तेच ठरवलंय. उजाडायच्या आधी एकदा, दिवस मावळल्यावर एकदा, भिंतीमागे, चादर धरून. मधे घोटभरसुद्धा नाही.
मी म्हणालो, हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर येऊन ही वही उघडली.
पाच तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच आहे.

सायंकाळी ५
साहेबांना फोन केला. म्हणालो, गरज आहे. ते हसले. म्हणाले, रांग लागलीय का? मी म्हणालो, नाही. मग त्यांनी माझं वाक्य मलाच ऐकवलं, पाठ होतं त्यांना. पुढचा ट्रक दहा दिवसांनी. तोवर माझा अहवाल सगळ्या कार्यकर्त्यांना नमुना म्हणून वाटताहेत.
माझ्या बाटल्या संपल्या. टाकीचंच पाणी प्यालो. तीन ग्लास. प्रायश्चित्त म्हणा, तहान म्हणा.

१० ऑगस्ट, सकाळी ७
सहाही दारं उघडली. पहिल्यामागे मोडके बाक. दुसऱ्यामागे झाडू आणि मेलेली घूस. तिसऱ्याला भांडंच नाही, नुसतं भोक. उरलेल्या तिन्हींविषयी लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. माझ्याकडे! बाहेर येऊन भिंतीला धरून ओकलो. पत्तेवाल्यांपैकी एकजण म्हणाला, साहेब, आम्हीही मैदानापलीकडेच जातो.
आत्याचं सलाइन काढलंय. तिच्या हातात शिक्षकांच्या संडासाची किल्ली ठेवली. तिने किल्ली पाहिली, मला पाहिलं, विचारलं, ही कधीपासून तुझ्याकडे होती? चार तारखेपासून, म्हणालो. तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि किल्ली शेजारच्या बाईला दिली. चप्पल बरी होती.

सकाळी ९
शिक्षकांच्या संडासासमोर रांग. फॉर्म घेऊन धावलो. मोजली, दोनदा मोजली: एकसष्ट. साहेबांना फोन लावला, साहेब, रांग लागली! ते बैठकीत आहेत.
पोटात कळ येतेय. टाकीचं पाणी.

सकाळी ९.२०
मी बासष्टावा. घाम फुटलाय. रांग हलत नाही. मैदान दूर, पाय जड. पुढच्या बाईला विनंती केली. ती म्हणाली, अडचण असेल तर निःसंकोचपणे हात वर करा.
वर केला. सगळी रांग बघत होती.

सकाळी ९.२५
सात नंबरच्या वर्गातून आत्याचा निरोप आला. फार घाई असेल तर मागच्या भिंतीकडे ये, चादर धरतो आम्ही. फक्त भाषण नको.

सकाळी ९.४०
गेलो. चौघींनी चादर धरली, तोंडं पलीकडे फिरवून. भाषण केलं नाही.