खात्रीचा बोर्ड

ता. २ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. डॉक्टरांनी आवाज जपून वापरायला सांगितलाय. घशातल्या गाठीचं महिनाअखेरीला ऑपरेशन आहे. त्यात स्वरयंत्रच काढणार, म्हणजे मग जपायलाही काही उरणार नाही. तू दिलेल्या प्रोग्रॅममध्ये त्याआधी दोनशे वाक्यं वाचून ठेवली, की पुढं मी टाइप केलेलं तो माझ्याच आवाजात बोलून दाखवेल, हे मला नीट समजलंय. तुझ्या वहिनीलाही समजावलं. ती म्हणाली, म्हणजे तुमच्या कटकटीतून माझी सुटका नाहीच.

पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. छापखान्यात जन्मभर मूळ प्रत मोठ्यानं वाचायचं काम केलं, मी वाचायचो आणि समोरचा प्रुफं तपासायचा. त्या सवयीनं मी सगळी वाक्यं 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम' असं म्हणत वाचली. प्रोग्रॅमनं त्यातलं एकही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखा बसलो, तर मधेच कॉम्प्युटर बंद पडला आणि वाचलेलं सगळं गेलं. तेव्हापासून रोज तेच. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं उघडून बघितलं आणि मदरबोर्ड गेलाय म्हणाला. त्याच्याकडे एक वापरलेला आहे, तो लगेच बसवून देतो म्हणतो. नवाही एक दाखवला, त्यावर रंगीत दिवे लागतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठला घेऊ?

फोनवर रेकॉर्ड केलेलं या प्रोग्रॅमला चालत नाही, आणि लोकांच्या घरी त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसून हा घसा खरवडायची मला लाज वाटते. तेव्हा उत्तर लवकर पाठव. इकडची माया आहेच, तिकडची पोचू दे.

तुझा दादा


ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं. स्वल्पविरामांवर मोठ्यानं हसलो, पुढचं वाचवेना म्हणून मग उठून आत गेलो.

वापरलेला बोर्ड घेऊ नकोस. तुझ्या जुन्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे त्या छोट्या डब्या, वरून फुगल्या असणार. त्याच्याकडचा बोर्डही तेवढाच म्हातारा असेल. दिव्यांचा तर नकोच, ते नुसतं दिसायला. मी बोर्ड निवडताना आधी प्रोसेसरला वीज मिळते तो कोपरा बघतो. तिथं उष्णता ओढून घ्यायला धातूची जाड पट्टी हवी, नाहीतर मशीन तापतं आणि बसतं. आवाजाचा भाग बाकीच्यांपासून वेगळा काढलेला हवा, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये घरघर येत नाही. आणि बिघडलाच तर बदलून देणारा माणूस जवळपास हवा. असा एक मी हेरून मागवलाय. जुना प्रोसेसर आणि रॅम त्यावर बसणार नाहीत, तेही नवे घालू.

आला की आठवडाभर इथं चालता ठेवीन आणि मगच घेऊन येईन. न पारखलेला बोर्ड माझ्या दुकानातून आजवर कुणाकडे गेला नाही, तुझ्याकडे तर जाणारच नाही. तोवर गप्प बसायचा सराव कर. वहिनींना तेवढाच आराम.

लोभ जुनाच आहे, तो असाच चालू राहावा.

तुझा बारक्या


ता. १३ फेब्रुवारी

चि. भाऊजींस अ. उ. आ.

बोर्ड कुठवर आला? ह्यांचा आवाज दिवसेंदिवस बसत चाललाय. सकाळचा चहा होईपर्यंत बरा असतो, मग नुसती फुसफुस. काल मी म्हटलं, कोपऱ्यावरचा वापरलेला तर वापरलेला, चार दिवस चालला तरी आपलं काम होईल. ह्यांनी कागदावर लिहून दाखवलं, की बारक्या पारखतोय, त्याच्यामागे घाई लावू नकोस. तुमच्यावर ह्यांचा एवढा भरवसा, तिथं मी काय बोलणार?

वाक्यं तर केव्हाच पाठ झालीत. खिडकीशी बसून नुसते ओठ हलवत म्हणत असतात. खरं सांगू, मला दोनशे वाक्यं नकोतच. दुसऱ्या खोलीतून नुसतं 'अगं' ऐकू आलं तरी माझं भागेल. पण हे ह्यांना सांगितलं तर म्हणतील, एका शब्दावर प्रोग्रॅम चालत नाही.

जमेल तितकं लवकर या. घरातल्या सगळ्यांना आमची आठवण सांगा.

आपली वहिनी


ता. १९ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचा फोन आला तेव्हा बोर्ड माझ्यासमोरच चालू होता. दादाचा श्वास अडकतोय म्हणून तडकाफडकी ऑपरेशन केलं, एवढं मी ऐकलं आणि पुढचं काही कळलंच नाही. फोनवर तुमच्याशी धड बोललोही नाही, म्हणून हे लिहितोय.

वहिनी, त्याच टेबलावर गिऱ्हाइकांचे दुरुस्त झालेले कॉम्प्युटर पडले होते. त्यातला एक चार दिवस मागून घेतला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं. उचलून आणला असता, दादा एका सकाळीत सगळं वाचून मोकळा झाला असता, आणि बोर्ड मग सावकाश बसवता आला असता. मला ते सुचलंच नाही. दादानं विचारलं कुठला बोर्ड घेऊ, आणि मी बोर्डच निवडत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

रविवारी येतो. दादासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू, ते तुम्हीच सांगा.

आपला बारक्या


ता. १२ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

बोर्ड झकास चालतोय. एकदाही अडकला नाही. मी दवाखान्यातून घरी आल्यावर तू आलास, तो बसवलास, आणि जेवताना एकदासुद्धा वर बघितलं नाहीस. मला बोलता येत नव्हतं म्हणून तुझं फावलं, नाहीतर कान उपटले असते. चूक झाली, नाही कोण म्हणतंय? पण मीही एक सबंध दिवस स्वल्पविरामांत घालवला, आणि लाजेपायी शेजाऱ्याचं दार वाजवलं नाही. अर्धी चूक माझ्याकडे दे आणि मान वर करून जेवत जा.

तू प्रोग्रॅमला लावून दिलेला तो तयार आवाज चांगला आहे, शुद्ध बोलतो. पण त्यानं पाणी मागितलं की तुझी वहिनी दाराकडे बघते, कोण आलं म्हणून. मी तो बंद केला. आता मी कागदावर लिहितो आणि ती मोठ्यानं वाचते. भांडणसुद्धा असंच चालतं. मी लिहितो, चूक तुझीच आहे. ती ते ठसक्यात वाचते आणि मग आपल्याच वाचण्यावर चिडून मला उत्तर देते. फार मजा येते. बघायला एकदा ये.

रागावलेलो नाही, हे दोनदा वाच.

तुझा दादा


ता. २ एप्रिल

चि. भाऊजींस अ. उ. आ.

ह्यांनी तुम्हाला गमतीनं लिहिलं ते खरंच आहे. दूधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, फोनवर नातेवाइकांशी, ह्यांचं म्हणून मीच बोलते. विनोद ह्यांचे असतात आणि लोक हसतात माझ्याकडे बघून. कागद हातात आला की आधी मनात वाचायचं नाही, सरळ तोंडानं वाचायचं, ही मला सवयच लागली. ऐकू आलं की हे मान हलवतात आणि पुढचं लिहितात.

काल तपासणीला गेलो होतो. गाठ पुन्हा दिसतेय, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन हे बूटही न काढता खुर्चीत बसले आणि कागद माझ्यापुढे केला. 'मला भीती वाटते', एवढंच होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हे माझ्याकडे बघत थांबले. सवयीनं थांबले हो, आपलं वाक्य ऐकू यायची वाट बघत. मला ते म्हणता आलं नाही. मग त्यांनी कागद हातातून काढून घेतला आणि खाली लिहिलं, 'राहू दे.' ते मात्र मी मोठ्यानं वाचलं.

भाऊजी, तुम्ही या. बोर्ड चांगला आहे, काही बिघडलेलं नाही. मला वाचता येत नाही ते वाचायला घरात आणखी एक माणूस हवं.

लोभाचं वेगळं लिहीत नाही. वाट बघते.

आपली वहिनी