डार्करूमची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, अविवाहित, राहणार स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. छातीचे दुखणे हाताबाहेर गेले आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी भीड घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मधली घरगुती वाक्ये गाळा, असे त्यांनी सुचवले होते. "मग ती कुठे लिहू?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला.

१. स्टुडिओची जागा वडिलांनी माझ्या नावे केली होती. ती धाकट्या भावाला द्यावी. पुढचे दुकान त्याने आणि डार्करूम मी, असे आम्ही जन्मभर सांभाळले. त्याने डिजिटल कॅमेरे आणले तेव्हा मी आडवी आले नाही, फक्त माझी फिल्म सोडली नाही. गिऱ्हाइकांना तो सांगे, "ताईकडे गेलात तर थांबावं लागेल हं." गिऱ्हाईक हसून त्याच्याकडे वळे.

२. निगेटिव्ह वाटणीला नाहीत. मी इस्पितळात असताना धाकट्याने वडिलांच्या वेळेपासूनच्या सगळ्या पट्ट्या स्कॅन करून घेतल्या आणि पेट्या भंगारात दिल्या. खोली मोकळी झाली म्हणून तो खुशीत होता. पुढे ते स्कॅन ठेवलेली डिस्क बंद पडली. दुसरी प्रत त्याने ठेवली नव्हती.

"मशीनच ते, ताई. बिघडलं. मी काय करू?" एवढेच तो बोलला.

त्यानंतर समोरच्या गल्लीतली शिवणकामवाली आली. तिचा तरुण मुलगा अपघातात गेला होता. त्याचे फोटो त्याच्याच फोनमध्ये होते आणि फोनचा चुरा झाला होता. लहानपणी मी त्याचा फोटो काढला होता. पुढचे दात पडले होते म्हणून तो तोंड घट्ट मिटून बसला होता, आणि मी "आता हसू नकोस हं" म्हटल्यावर फिसकन हसला होता.

"तुमच्याकडे असेलच, बाई. तुम्ही काही टाकत नाही."

"नाही हो राहिलेला."

"नीट बघा ना. मी बसते."

ती बाकावर बसली. मी आत गेले, रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहिले आणि बाहेर येऊन पुन्हा तेच सांगितले. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग उद्या येऊ का?"

तिला देण्याजोगे माझ्याजवळ काहीही नाही, हे या कलमात नमूद करते. धाकट्याला मी माफ केलेले नाही. जागा मात्र त्याचीच.

३. कॅमेरा धाकट्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. तिच्या वयाच्या मुलांना फिल्मची पुन्हा हौस आली आहे. ती शिकायला आली तेव्हा मला वाटले, चला, कोणीतरी आले. रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून समोरच्याकडे आधी नीट बघावे लागते. बटण दाबताना तोही श्वास रोखतो आणि आपणही. औषधाच्या ट्रेमधल्या पांढऱ्या कागदावर आधी केस येतात, मग डोळे. पहिल्यांदा ते पाहून ती माझा दंड धरून उभी राहिली होती. मी तिला सांगितले की त्या माणसावरून निघालेला उजेड खुद्द या पट्टीवर पडलेला असतो. ही पट्टी त्याच्या समोर होती.

नंतर ती बाहेरच्या लॅबमध्ये रोल देऊ लागली. मी निगेटिव्ह विचारल्या.

"त्या लॅबवाला टाकून देतो, आत्या. स्कॅन आले ना फोनवर."

ती गुणी आहे, मायाळू आहे. कॅमेरा तिलाच द्यावा. दुसऱ्या कोणी मागितलेला नाही.

४. निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचा एन्लार्जर, ट्रे, चिमटे कोणी मागितल्यास द्यावेत. न मागितल्यास भंगारवाल्याला बोलवावे. त्याला घर माहीत आहे.

५. माझ्या मागे माझा फोटो शोधत बसू नये. घरात फोटो काढणारी मीच होते.

६. फोटोच्या कागदाचे एक न फोडलेले पाकीट शेल्फावर आहे. आता तो कागद मिळत नाही. ते शिवणकामवालीच्या मुलासाठी वापरावे असे मनात होते, पण कशावरून छापणार? मी गेल्यावर पाकीट फोडून कागद खिडकीत ठेवावेत. कोणाचाही चेहरा न उमटता ते उजेडाने हळूहळू काळवंडतील. काळवंडू द्यावेत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे.

लिहून देणार : (सही) धाकट्याची ताई

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली आणि ज्यांनी माझ्यादेखत केली :
(सही) शेजारचे घड्याळजी
(सही) दवाखान्यातील नर्सबाई

स्थळ : स्टुडिओ, मागची खोली
दिनांक : डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच